डिंकाची बाटली तुंबू नये म्हणून

मी कागदाची आणि बाल्सा लाकडाची छोटी घरं करते. दार अंगठ्याच्या नखाएवढं, खिडकीचे गज काडेपेटीतल्या काडीहून बारीक. अशा कामात डिंक किती घट्ट धरतो यापेक्षा तो बाटलीच्या टोकातून किती नेमका उतरतो याला जास्त महत्त्व येतं. एकदा मी तुंबलेली बाटली जोर लावून दाबली. टोकात वाळलेला खडा टपकन सुटला आणि त्याच्यामागून पांढऱ्या डिंकाचा मोठा ओघळ थेट दर्शनी भिंतीवर, सहा खिडक्यांच्या जाळीवर पडला. ओल्या कापडाने लगेच टिपला, तरी कागद फुगला आणि जाळीचे गज वाकले. तीन आठवड्यांची भिंत पहिल्यापासून कापावी लागली. तेव्हापासून बाटल्यांची निगा राखायला मी रोज पाच मिनिटं वेगळी काढते आणि ती कधीच टाळत नाही.

आपला डिंक वाळतो कशाने, हे आधी डोक्यात पक्कं हवं. पांढऱ्या डिंकातलं पाणी उडून जातं म्हणून तो वाळतो. सुपरग्लूला उलट ओलावा मिळाला की तो घट्ट होतो. प्लास्टिकचे भाग जोडायच्या प्लास्टिक सिमेंटमधला द्रावक, म्हणजे प्लास्टिक विरघळवणारा द्रव, उडतो. इपॉक्सीचे दोन भाग, राळ आणि तिला घट्ट करणारा द्रव, एकमेकांना भेटले की आवळतात. म्हणून एका बाटलीला वाचवणारी युक्ती दुसरीचा घात करते. पांढऱ्या डिंकाचं टोक मी ओल्या स्पंजावर ठेवते. तेच सुपरग्लूच्या बाबतीत केलं तर ती बाटली संपलीच.

माझं सर्वांत जास्त काम पांढऱ्या डिंकाने चालतं. यात चिकट पदार्थाचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा होतो, म्हणून पांढरा डिंक वाळल्यावर पारदर्शक दिसतो. हा पापुद्रा एकदा धरला की साध्या पाण्याने पुन्हा विरघळत नाही, फक्त मऊ पडतो. टोकावरचा डिंक ओला असताना ओल्या फडक्याचा एक हात पुरतो. तोच उद्यावर टाकला, तर अर्धा तास भिजवत बसावं लागतं.

मोठ्या बाटलीतून मी कधीच थेट काम करत नाही. २० ते ३० मिलिलिटरच्या मऊ, दाबता येणाऱ्या बाटलीत थोडा डिंक काढून घेते आणि तिला बोथट टोकाची धातूची सुई लावते. या सुयांवर गेजचा आकडा असतो आणि आकडा वाढला की भोक लहान होतं. १८ गेजच्या सुईचं भोक साधारण ०.८४ मिलिमीटर, २० चं ०.६ आणि २५ चं जेमतेम ०.२६. दाट डिंकाला मी २० वापरते. २५ ची सुई मोहात पाडते, पण तिच्यातून न पातळ केलेला डिंक ढकलताना बोटं दुखतात आणि ती तुंबतेही लवकर. पातळ करायचाच असेल तर लागेल तेवढाच, उकळून गार केलेल्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने करा. पाणी घातलेला डिंक बाटलीत महिनोन्महिने ठेवला तर त्याला बुरशी धरते.

भरताना डिंक जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळून घ्या. हे मी सगळ्यांना आग्रहाने सांगते. मोठ्या बाटलीच्या तोंडाशी सायीसारखा पापुद्रा धरतो आणि त्याचे तुकडे आत पडतात. सुई आपोआप तुंबली असं वाटतं, पण बहुतेक वेळा असाच एखादा तुकडा आतून येऊन भोकात अडकलेला असतो.

काम चालू असताना माझी बाटली एका रुंद तोंडाच्या बरणीत उलटी उभी असते, तळाशी ओला स्पंज आणि सुईचं टोक स्पंजाला जेमतेम टेकलेलं. डिंक टोकाशीच राहतो, बाटली उचलली की पहिला थेंब लगेच उतरतो आणि आधी हवेचा बुडबुडा फुटून शिंतोडे उडत नाहीत. स्पंज रोज धुऊन पिळायचा, नाहीतर त्याला वास मारतो. काम संपलं की बाटली सरळ धरायची, थोडी दाबायची आणि सुईचं तोंड वर असतानाच बोटं सैल सोडायची. हवा आत ओढली जाते आणि सुईतला डिंक बाटलीत परत जातो. नीट कान दिला तर बारीकसा सुस्कारा ऐकू येतो. तो आला की समजायचं, नळी मोकळी झाली. मग टोक ओल्या फडक्याने पुसायचं आणि आत तार घालून ठेवायची.

ही तार स्टेनलेस स्टीलचीच घ्या. मी आधी साध्या टाचण्या वापरत होते. पाण्याच्या डिंकात त्या गंजतात, आणि पुढच्या वेळी पहिल्या थेंबाबरोबर तपकिरी रेघ कागदावर उतरते. पांढऱ्या कागदावरून ती निघत नाही.

एवढं करूनही सुई तुंबली तर ती बाटलीवरून काढून अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा. पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं तर डिंक लवकर मऊ होतो. मग तार बारीक टोकाकडून रुंद बाजूकडे सरकवा. उलट ढकलली तर खडा अरुंद जागेत आणखी आवळून बसतो. सुई बाटलीवर असताना तर तार जोराने मुळीच ढकलू नका. खडा आत पडतो आणि थोड्या दिवसांनी परत टोकाशी येतो. प्लास्टिकच्या निमुळत्या टोपणाचं काम सोपं असतं. भिजलेला डिंक रबरासारखा झाला की चिमट्याने धरून हळू ओढायचा. बरेचदा नळीचा अख्खा साचाच बाहेर येतो, टोकाच्या बारीक शेपटीसकट. ती शेपटी तुटून आत राहिली नाही ना, हे बघून मगच टोपण पुसा. टोपणाच्या आणि बाटलीच्या आट्यांवरचा डिंक पुसून पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात फिरवला तर टोपण अडकत नाही. जेली टोकाला मात्र लागू देऊ नका. ती कागदावर उतरली तर तिथे डिंक धरणार नाही. आणि पांढरा डिंक गोठू देऊ नका. गोठून सुटलेल्या डिंकाच्या गुठळ्या होतात आणि त्या पुन्हा एकजीव होत नाहीत.

सुपरग्लूकडे वळताना आधी हात कोरडे करा. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हा पदार्थ त्यांच्या हाती लागला. लागेल त्या वस्तूला चिकटतो म्हणून त्यांनी तो बाजूला ठेवला आणि डिंक म्हणून तो बाजारात यायला १९५८ उजाडलं. सगळीकडे चिकटण्याचं कारण ओलावा. हवेत, बोटांवर, लाकडात, जवळपास प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असतो आणि तेवढा त्याला पुरतो.

म्हणून बाटलीचं टोक जोडकामाला टेकवू नका. त्यावर डिंक लवकर धरवणारा फवारा मारला असेल, तर टोक तिथल्या तिथे बंद होतं. मी एक थेंब पॉलिथिनच्या झाकणावर काढते आणि सुईच्या नेढ्याने उचलते. नेढ्याचा वरचा अर्धा भाग कापला की दोन दातांचा बारीक काटा होतो आणि थेंब त्या दातांमध्ये धरून राहतो. कापताना तुकडा उडतो, तेव्हा चष्मा हवाच. सुईवर थर साचला की तो ज्योतीवर जाळणारे पुष्कळ आहेत. त्या धुराने डोळे आणि घसा चुरचुरतो, म्हणून मी ती सुई ॲसिटोन नावाच्या द्रावकात बुडवून ठेवते.

वापर झाला की बाटली सरळ उभी करून टेबलावर दोनदा आपटा, नळीतला डिंक खाली उतरेल. मग अगदी हलकं दाबून थोडी हवा बाहेर काढा. टोक पॉलिथिनच्या तुकड्याने पुसा, कारण पॉलिथिनला हा डिंक धरत नाही. बाटल्याही त्याच जातीच्या प्लास्टिकच्या असतात. सुती किंवा लोकरी कापड मुळीच घेऊ नका. सुपरग्लू त्यात मुरला की इतक्या झपाट्याने तापतो की धूर निघतो आणि बोट भाजतं.

टोक बंदच झालं तर धारदार पात्याने एक-दोन मिलिमीटर कापा. टोपण ॲसिटोनमध्ये भिजवता येतं, पण ते पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलीनचं असेल तरच. कडक, काचेसारखं चमकणारं प्लास्टिक ॲसिटोनमध्ये बहुधा विरघळतं. भिजवलेलं टोपण खडखडीत वाळल्याशिवाय परत लावू नका.

ठेवताना बाटली उभी, घट्ट झाकणाच्या बरणीत, सोबत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. बरणी फ्रिजमध्ये ठेवली तर डिंक आणखी टिकतो. मात्र बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका. गार बाटलीवर दव धरतं आणि तेवढ्या ओलाव्याने नुकसान होतं.

प्लास्टिक सिमेंटच्या सुईत तार कायम ठेवा. तुंबली तर सुई काढून रात्रभर त्याच द्रावकात बुडवा, भांडं झाकून. सुई तापवून मोकळी करण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण त्या वाफा पेट घेतात, मी ते करत नाही. इपॉक्सीच्या दोन्ही बाटल्यांवर आणि त्यांच्याच टोपणांवर एकेका रंगाची खूण करा. टोपणांची अदलाबदल झाली तर दोन्ही कायमची बसतात. राळेचा भाग थंडीत दाणेदार, पांढुरका झाला तर टाकू नका. घट्ट बंद बाटली सुमारे ५० अंशांच्या पाण्यात ठेवली की तो परत स्वच्छ होतो.

बाटली उघडल्याची तारीख मी पक्क्या शाईने तिच्यावर लिहिते आणि वरून पारदर्शक टेप लावते. नाहीतर ॲसिटोनचा हात लागला की तारीख पुसून जाते.