इंग्रजी शब्दाचं मूळ शोधताय? या चुका टाळा

सर्वांत जास्त फसवतं ते उच्चारसाम्य. ‘डे’ आणि ‘दिवस’ एकाच मुळाचे, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. संस्कृतातल्या ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो: दन्त–टूथ, दश–टेन, द्वि–टू. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये असे बदल नियमात बसवून दाखवले. त्या हिशेबाने ‘दिवस’चा इंग्रजी भाऊबंद ‘ट’नेच सुरू व्हायला हवा, आणि तो आहेही: ‘ट्यूजडे’चा पहिला भाग. ‘टीव’ या देवाचं हे नाव आपल्या ‘देव’चं सख्खं भावंड, आणि ‘देव’ व ‘दिवस’ एकाच मुळाचे. तेव्हा जोडी जमली असं वाटलं, की तोच ध्वनिबदल दाखवणाऱ्या आणखी तीन-चार जोड्या शोधा. मिळाल्या नाहीत तर ते साम्य पुरावा म्हणून धरू नका.

‘फादर’ हा ‘पितृ’वरून आला, हेही चूक. दोघांची आदिभाषा एक, पण तिचं लिखित काहीच उरलेलं नाही. म्हणून तिच्या शब्दांआधी कोशात तारांकन असतं. ते उतरवताना गाळू नका. गाळलं की अनुमान पुरावा वाटू लागतं.

उसना शब्द ओळखायलाही हेच नियम कामी येतात. वारशाने आलेल्या शब्दांत सुरुवातीच्या ‘प’चा ‘फ’ झाला: पद–फूट. मिरी या अर्थाच्या ‘पेपर’मध्ये ‘प’ तसाच आहे, म्हणजे तो त्या बदलानंतर बाहेरून आला. वाटेतला प्रत्येक टप्पा मांडा: संस्कृत पिप्पली, ग्रीक पेपेरी, लॅटिन पिपेर, जुनी इंग्रजी पिपोर. अर्थही तपासा. पिप्पली म्हणजे लांबट पिंपळी. लालबागच्या मसालेवाल्याकडे ती आणि काळी मिरी वेगवेगळी मागावी लागते. पश्चिमेत ते नाव काळ्या मिरीलाही लागलं.

सुरस कथांपासून तर फारच जपा. मुंबईच्या बोटींच्या तिकिटांवर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना बोटीची डावी बाजू, परतताना उजवी) याची आद्याक्षरं छापत, त्यावरून ‘पॉश’ आला म्हणे. तसं एकही तिकीट सापडलेलं नाही. ‘बॉम्बे’ हे नाव पोर्तुगीज ‘बोम बाइआ’वरून, म्हणजे ‘चांगला उपसागर’ यावरून आलं, ही कथाही व्याकरणातच अडते: ‘बाइआ’ स्त्रीलिंगी, तिला ‘बोआ’ हे विशेषण लागतं. कथा आवडली, तर आधी तिचा सर्वांत जुना लेखी दाखला आणि त्याचं साल शोधा.