क्लॅरोनेट चिरकतंय? आधी बोटं बघा

सांगलीत बँडात क्लॅरोनेट धरलं तेव्हा माझा इलाज एकच होता. सूर चिरकला की रीड, म्हणजे तोंडाशी लावलेली, फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, बदलायची. जुनी बिस्किटाच्या डब्यात टाकायची. चार महिन्यांत डबा अर्धा भरला आणि वरात तशीच चिरकत राहिली.

एका संध्याकाळी तालमीत मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले, दोन्ही बाजूंनी हात घालून भोकांवर स्वतःची बोटं ठेवली. म्हणाले, "तू नुसता फुंक." वरून खालपर्यंत अख्खी सरगम गेली, एकदाही चिरकलं नाही. "आरं, रीड न्हाई, तुझी बोटं चिरकत्यात!"

नव्यानं शिकणाऱ्यानं ही परीक्षा पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी. दुसऱ्याच्या बोटांनी चिरकणं थांबलं, तर दोष तुमच्या बोटांत. नाही थांबलं, तर तोंड, रीड किंवा चाव्यांचे पॅड (भोकं बंद करणाऱ्या चाव्यांखालच्या मऊ गाद्या).

बोटांनी का चिरकतं? डाव्या अंगठ्याजवळ एक चावी असते. ती दाबली की एक बारीक भोक उघडतं आणि खालचा सा एकदम वरच्या सप्तकातल्या प वर जातो. (बासरीत जोरात फुंकलं की सा चा वरचा सा होतो. इथं उडी मोठी.) आता डाव्या हाताच्या बोटाखाली केसाएवढी फट राहिली, तर तीही तसंच काम करते, फक्त नको त्या जागी. बघायचं असेल तर सगळी भोकं दाबून दहा सेकंद धरा आणि बोटं उलटी करा. वळ पूर्ण गोल हवा. माझ्या अनामिकेवर चंद्रकोर उमटायची.

दुसरी खोड आणखी छुपी. उजवी करंगळी खालच्या चावीकडे ताणली की पंजा कलायचा आणि तर्जनीचं मूळ बाजूच्या चावीला घासायचं. आरशासमोर वाजवल्याशिवाय हे मला दिसलंच नाही. आणि खालच्या सुरांतून वरच्या सुरांत जाताना, जवळजवळ मोकळ्या बोटांवरून एकदम सगळी भोकं बंद करायचा जो मधला सांधा आहे, तिथं तर सगळेच चिरकतात. उजव्या हाताची बोटं आधीच बसवून ठेवायची. मधल्या सुरांना त्यानं फारसा फरक पडत नाही आणि निम्मं काम आधीच होतं.

तोंडाचं म्हणाल तर रीड आणि माउथपीस (तोंडात धरायचं टोक, ज्यावर रीड बसते) यांच्या मध्ये कागद सरकवा. तो जिथं अडतो, साधारण तिथं खालचा ओठ. त्याहून जास्त तोंडात घेतलं की किंचाळणार. चावू नका.

रीडलाही अगदीच सोडत नाही मी. मे महिन्यातल्या वरातीत दोन गाण्यांच्या मध्ये ती सुकते आणि टोकाला लाटा येतात. पाण्यात भिजवून काचेवर सपाट दाबली की बहुतेक वेळा सरळ होते. लावताना तिच्या टोकावर माउथपीसची काळी कड केसभर दिसावी. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा.

पॅड तपासायला वरचा तुकडा सुटा करायचा, भोकं दाबायची, खालचं तोंड तळहातानं बंद करायचं आणि वरून हवा ओढायची. ओढ धरून राहिली तर ठीक. लगेच सुटली तर दुरुस्तीवाल्याकडे. पॅड घरी चिकटवायचा उद्योग मी एकदा केला, पुन्हा करणार नाही.

बोटं बसल्यावर तो बिस्किटाचा डबा उघडला. एकेक रीड भिजवून लावली. तीन तुटक्या निघाल्या, बाकीच्या सगळ्या वाजल्या.