एलसॅटमधला न मोजला जाणारा सेक्शन ओळखायच्या नादी लागू नका

अमेरिकेत जेडी (तिथली कायद्याची पदवी) करायचं म्हणून एलसॅट या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्यांना परीक्षेची रचना साधारण माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा सेक्शन गेला. आता ३५ मिनिटांचे चार सेक्शन असतात आणि दुसऱ्यानंतर १० मिनिटांची सुट्टी. गुण तिघांचेच धरतात: दोन एलआर (लॉजिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचे प्रश्न) आणि एक आरसी (रीडिंग कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे उतारे वाचून सोडवायचे प्रश्न). उरलेला सेक्शन एलआर असेल किंवा आरसी, १२० ते १८० च्या स्कोअरमध्ये तो येत नाही. पुढच्या परीक्षांसाठी तयार केलेले प्रश्न एलसॅक, म्हणजे ही परीक्षा घेणारी संस्था, त्यात आजमावून बघते. तो कितवा येणार हे कुणालाच सांगत नाहीत.

आता मी जिथे अडकले ते नीट सांगते, कारण हुशार मुलंही नेमकी इथेच अडकतात.

समजा, पहिलाच सेक्शन आरसी आला. चार उतारे, त्यातला एक घाम फोडणारा. मग एलआर, आणि सुट्टीनंतर पुन्हा आरसी. डोकं लगेच हिशोब मांडतं: आरसी दोन आले, म्हणजे यातला एक मोजणार नाहीत. इथपर्यंत अगदी बरोबर. चूक होते ती पुढे. ‘पहिला जरा विचित्रच होता, म्हणजे तो आजमावणीचा’, किंवा ‘हा वेगळा वाटतोय, म्हणजे हाच.’ याला काडीचाही आधार नाही. मोजल्या जाणाऱ्या सेक्शनमध्येही एखादा उतारा छळतोच. आणि आजमावणीचे प्रश्न खऱ्या प्रश्नांसारखेच दिसतात. ते वेगळे ओळखू आले असते तर कुणी मन लावून सोडवलेच नसते. तरीही मन हट्ट धरतं. हात सैल पडतो, शेवटचा उतारा वरवर वाचला जातो, दोन पर्यायांमध्ये अडलो की आपण पटकन एक उचलतो. तो सेक्शन खरा निघाला तर केलेली मेहनत तिथेच गेली.

एलआर तीन आले तर एवढंच नक्की कळतं की आरसी मोजणार. तिघांतला कोणता सोडणार, हे परीक्षेत बसून कळायला मार्गच नाही.

पाच सेक्शनच्या कागदी परीक्षेच्या काळातले ठोकताळे अजून फिरतात: अमुक क्रमांकाच्या आतच येतो, वगैरे. ते आजच्या परीक्षेला लावू नका. माझं मत स्पष्ट आहे. ‘ओळखायची ट्रिक’ शिकवणारा मेंटॉर असेल तर तो बदला. त्या वेळात एक एलआर सोडवून चुका तपासलेल्या बऱ्या.

पण घाबरूही नका. याच अनिश्चिततेचा खरा आधार होतो, फक्त सेक्शन संपल्यावर. एखादा सेक्शन हातून गेला असं वाटलं, तर ‘हा मोजणारही नाहीत’ असं स्वतःला सांगून पुढच्याला लागा. हे खोटं समाधान नाही, ती शक्यता खरोखरच असते. घरी आल्यावर रडवेल्या मनाने स्कोअर रद्दही करू नका. आधी गुण बघून मग ठरवायची सोय पैसे भरून मिळते, ती घ्या.

सराव चार सेक्शनचाच करा. तीन सोडवून उठायची सवय लागली की चौथ्याला डोकं चालत नाही, आणि तो चौथा मोजला जाणारा असू शकतो. क्लॅटकडून (भारतातल्या कायद्याच्या प्रवेश परीक्षेकडून) आलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. तिथे चुकीच्या उत्तराला ०.२५ गुण कापतात म्हणून प्रश्न सोडून द्यायची सवय असते. एलसॅटला गुण कापत नाहीत, त्यामुळे कुठल्याही सेक्शनमध्ये एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

आणि लेखी भाग, आर्ग्युमेंटेटिव्ह रायटिंग, यात गोवू नका. त्यालाही गुण नाहीत, पण तुमचं लिखाण लॉ स्कूलकडे जातं. पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्याने तो भाग दिला नसेल तर स्कोअरच अडकून राहतो. परीक्षेच्या आठ दिवस आधीपासून तो देता येतो, तेव्हाच उरकून टाका.