सलूनमधली खोली भाड्याने घेताना

स्वतःचं पार्लर टाकण्याइतकं भांडवल नसतं, नोकरीचाही कंटाळा आलेला असतो. मग आपल्यासारख्या ब्यूटिशियन दुसऱ्याच्या सलूनमध्ये एक खोली, कधी नुसता एक बेड भाड्याने घेतात. मीही तेच करते. नव्या मुली पहिल्यांदा विचारतात, "भाडं किती द्यावं?" मी त्यांना उलट विचारते, क्लायंट कुणाच्या वहीत लिहिल्या जाणार?

अपॉइंटमेंट सलूनच्या फोनवर, पैसे सलूनच्या गल्ल्यात, दर आणि वेळाही मालकीणबाईंनीच ठरवलेल्या, असं असेल तर ती नोकरीच झाली, आणि तीही वर भाडं भरून. क्लायंटचा नंबर, तिची त्वचा, ॲलर्जी, मागच्या वेळी काय केलं, हे सगळं लिहिलेलं कार्ड तुमच्याकडे हवं. जागा सोडताना तिला कळवायची मुभा करारात लिहून घ्या. सोडल्यावर आसपास काम करायचं नाही, अशी अटही कधी कधी करारात हळूच घातलेली असते. सही करण्याआधी ती शोधा.

ठरावीक भाडं बरं की टक्केवारी? सलून ४० टक्के घेणार असेल, तर तुमची महिन्याची कमाई भाड्याच्या अडीचपट होते तिथे दोन्ही सारखंच पडतं. कमाई त्याच्या खाली असेल तर टक्केवारी परवडते, वर गेली की भाडं. म्हणून हातात क्लायंट कमी असतील तेव्हा टक्केवारीवरच सुरुवात करावी असं माझं मत. रिकाम्या दिवसाचं काही द्यावं लागत नाही. मात्र टक्के एकूण बिलावर की सामानाचा खर्च वजा करून, हे आधीच ठरवा. वॅक्स, पट्ट्या, क्रीम सगळं तुमचं असेल तर या एका शब्दावर बराच पैसा जातो. भाड्याच्या बाबतीत विचारायचं ते सुट्टीचं. आजारी पडलात तरी भाडं चालूच राहतं.

खोली बघायला गर्दीच्या दिवशी जा. भिंतीपलीकडे ड्रायर घोंघावत असेल तर मसाजला आलेली बाई कसली डोळे मिटते! नखांच्या टेबलावरचा ॲसिटोनचा वास आत येतो का, हात धुवायला बेसिन किती लांब, वॅक्स हीटर आणि स्टीमर एकदम लावले तर फ्यूज उडतो का, टॉवेल कोण धुणार, हेही बघून घ्या.

विमा स्वतःच्या नावाने काढा. वॅक्सने कुणाला भाजलं तर सलूनचा विमा तुम्हाला लागू होईल असं धरून चालू नका. भुवया-पापण्यांच्या रंगाआधी पॅच टेस्ट (थोडासा रंग त्वचेवर लावून ॲलर्जी येते का ते बघणं), आणि वॅक्स लावायची वापरलेली काडी, म्हणजे स्पॅच्युला, परत वॅक्समध्ये नाही. शेजारच्या खोलीत काहीही चालत असो.

डिपॉझिट परत कधी मिळणार आणि नोटीस किती दिवसांची, हे लेखी घ्या. बेड, दिवा, ट्रॉली तुमची असेल तर त्याची यादी कराराला जोडा. आणि किल्लीचं विचारा. सकाळी सलून उघडण्याआधी येणारी क्लायंट घेतलीत, तर दार कोण उघडणार?