व्हर्च्युअल ब्रासचा आवाज फाटतोय? आधी कुठे फाटतो ते शोधा

अहिराणी गाण्याला वरातीच्या बँडचा ठसका हवा, पण घरच्या छोट्या स्टुडिओत दहा वाजवणारे बसवता येत नाहीत. मग सॅम्पल लायब्ररीतले, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या संचातले, ट्रम्पेट-ट्रॉम्बोन कामाला येतात, आणि नेमके जोरकस जागीच फाटतात. अशा वेळी दिसेल त्या नॉबला हात घालू नका. फाटणारा दहा सेकंदांचा तुकडा ऑफलाइन एक्सपोर्ट करा, म्हणजे न वाजवता थेट फाइल काढा, आणि ती वेव्ह फाइल आवाज कमी ठेवून हेडफोनवर ऐका.

फाइल स्वच्छ निघाली तर दोष संगणकाच्या दमछाकीत आहे. बफर, म्हणजे संगणक एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ असेल तर ५१२ करा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पल म्हणजे सुमारे ११.६ मिलिसेकंदांचा उशीर, मिक्सिंगला अडचण नाही, कीबोर्डवर वाजवताना मात्र पुन्हा खाली आणा. लायब्ररीच्या फाइली फिरत्या हार्ड डिस्कवर असतील तर एसएसडीवर हलवा, वाजवून झालेले ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे तात्पुरती ऑडिओ फाइल करून ठेवा. खानदेशातल्या मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेला की लॅपटॉप तापून प्रोसेसरचा वेग स्वतःच उतरवतो. वीज गेल्यावर बॅटरीवरही तेच होतं. सकाळी सुरळीत चाललेला प्रोजेक्ट दुपारी कडकडायला लागला, तर आधी हेच तपासा.

फाइलमध्येही फाटत असेल तर ट्रॅकवरचे सगळे इफेक्ट बायपास करा आणि उगमापासून पुढे या: आधी प्लगइनचं, म्हणजे वाद्य वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, स्वतःचं आउटपुट मीटर, मग एकेक इफेक्ट चालू करत सगळे ट्रॅक एकत्र होतात त्या मास्टरपर्यंत. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं आतून ३२ बिट फ्लोटवर, म्हणजे भरपूर मोकळीक असलेल्या आकड्यांवर, चालतात, त्यामुळे नुसता चॅनल लाल झाल्याने आवाज तुटत नाही. तुटतो तो मधल्या सॅच्युरेटर (मुद्दाम थोडी विकृती घालणारा इफेक्ट) किंवा अॅनालॉग ढंगाच्या कॉम्प्रेसरमध्ये, नाहीतर शेवटी ० डेसिबलला, म्हणजे डिजिटल आवाजाच्या कमाल मर्यादेला. म्हणूनच मास्टर फेडर खाली ओढून अनेकदा काहीच सुधारत नाही; लाट आधीच चपटी झालेली असते. प्लगइनचं आउटपुट कमी करून ट्रॅकची शिखरं उणे १२ ते उणे १० डेसिबलवर आणा. तोच ट्रॅक जसाच्या तसा दुहेरी केला तर पातळी ६ डेसिबल चढते, हेही विसरू नका.

इफेक्ट बंद, मीटर हिरवा, तरी करकर ऐकू येते? मग तो बहुधा बिघाड नाही, खऱ्या पितळी वाद्याचाच गुण आहे. जोरात फुंकल्यावर हवेच्या दाबाची लाट नळीतून जाताना अधिकाधिक धारदार होत जाते. ट्रॉम्बोनची सरळ नळी लांब असल्याने त्यात हे ठळक जाणवतं. सॅम्पलच्या सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत जोरात वाजवलेल्या थरात हीच धार रेकॉर्ड झालेली असते. सगळे सूर १२७ वर, म्हणजे जोराच्या कमाल आकड्यावर, ठेवले की ती सतत टोचते. लांब सुरांना बहुतेक लायब्ऱ्यांत मॉड व्हील, म्हणजे सीसी १, थर बदलतं. तुटक सुरांना व्हेलॉसिटी, म्हणजे कळ दाबण्याचा जोर. या दोन्हींची किंमत ८५ ते १०५ मध्ये खेळवा, १२० च्या पुढे फक्त सम गाठताना जा. आवाज मोठा हवा असेल तर फेडर वापरा.

कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, एकाच सॅच्युरेटरमधून काढलात तर सुरांच्या मिसळणीतून भलतेच सूर जन्मतात. प्रत्येक सुराला वेगळा ट्रॅक द्या. शेवटी मास्टरच्या लिमिटरवर (आवाज मर्यादेबाहेर जाऊ न देणारा इफेक्ट) ट्रू पीक, म्हणजे लाटेचं खरं शिखर, उणे १ डेसिबल ठेवा, कारण एमपी३ करताना शिखरं वर सरकतात.