विशीतला बीपी: होस्टेलच्या पोरांनो, या चुका टाळा

तपासणी शिबिरात बीपीचा वरचा आकडा १३८ निघाला की कोल्हापुरात पहिला आळ तांबड्या रश्श्यावर येतो. मेसच्या मावशींपासून गावाकडच्या आईपर्यंत सगळ्यांचं एकच: "तिखट बंद कर." मिरचीनं पोटात जळजळ होईल, पण बीपी वाढवतं ते मीठ. आणि झणझणीत खाण्यात मीठ जिभेला कळतच नाही, खरी गोम तिथं आहे.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. आता मिसळीची थाळी बघा. फरसाण खारं, कटात मीठ, पावातही मीठ. वर कट दोनदा मागून घ्यायचा, कारण बऱ्याच ठिकाणी त्याचे पैसे लागत नाहीत! मिसळ सोडा असं कोल्हापुरात कोण सांगणार? मटकी जास्त, फरसाण मूठभर आणि कट एकदाच, एवढं जमतं.

घरून आलेल्या बरणीतली कांदा-लसूण चटणी आपण नुसता मसाला समजतो. ती टिकावी म्हणून त्यात मीठ असतं. आमटीत चटणी, वर अंदाजानं मीठ, ताटात लोणचं-पापड, भाकरीला पुन्हा तीच चटणी. ज्या भाजीत चटणी पडली तिला मीठ चाखूनच घाला. सैंधव वापरतो म्हणून निर्धास्त राहू नका, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रात्री दोनच्या नूडल्सला मसाल्याची अर्धी पुडी पुरते. पाकिटावर सोडियम ४०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर साधारण १ ग्रॅम मीठ समजा.

केळी, पालेभाजी, कडधान्यं यांतलं पोटॅशियम बीपीला मदत करतं. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

कधी कधी आकडाच चुकीचा असतो. जिने चढून आल्या आल्या, चहा पिऊन, लघवी तुंबवून, पायावर पाय टाकून, गप्पा मारत मोजलेला बीपी जास्त येतो. तालमीतल्या पोरांचं तर वेगळंच. दंड पीळदार आणि बीपी मोजायचा पट्टा साध्या मापाचा, मग आकडा फुगणारच. मोठा पट्टा मागा, लाजू नका. चहानंतर अर्धा तास थांबा, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, हात छातीच्या पातळीवर ठेवा आणि मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा.

परीक्षेच्या दिवसांत एनर्जी ड्रिंक, जागरणं आणि डोकं दुखलं की मनानं घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, यांनीही बीपी चढतो. डॉक्टरांना हे सगळं सांगा, जिममधल्या पावडरीसकट.

वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही १४०/९० किंवा वर येत असेल तर आकडे तारखेसकट वहीत लिहा आणि सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालयात, केसपेपर काढा. विशीत बीपी सतत जास्त असेल तर किडनी किंवा थायरॉइडही तपासावं लागू शकतं. १८०/१२० च्या वर आकडा आणि सोबत छातीत दुखणं, धाप किंवा धूसर दिसणं असेल तर ओपीडीची वाट न बघता थेट अपघात विभाग गाठा.