जंपर लावूनही गाडी ढिम्म? आधी कान द्या

बॅटरी उतरली म्हणून दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला जंपर केबल जोडली, ती गाडी चालू ठेवली, किल्ली फिरवली आणि तरी काही नाही, की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणीतरी ‘धक्को मारो ने’ म्हणत पुढे येतोच. ऑटोमॅटिकला धक्क्याचा उपयोग नाही. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी पार मेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच जागे होत नाहीत, मग धक्का मारणारेच दमतात.

त्यापेक्षा किल्ली फिरवताना आवाज ऐका. टकटकटक असं भरभर वाजतंय, दिवे मिणमिणतायत, म्हणजे सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) करंट पुरत नाही. एकच ‘टक्’ आणि दिवे लख्ख, तर संशय सेल्फवर. सेल्फ झोकात फिरतोय पण इंजिन पेटत नाही? मग बॅटरीला सोडा. पेट्रोल, फ्यूज, नाहीतर किल्लीचा इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) बघा. अजिबात आवाज नसेल तर गाडी न्यूट्रलला आहे ना, क्लच पूर्ण दाबलाय ना, ते नीट तपासा.

आमच्या गल्लीत मी बघते ती बहुतेक भानगड टकटकीचीच, आणि दोष निघतो पकडीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर साचते आणि चिमटा तिच्यावरच बसतो. दहा नंबरचा पान्हा घ्या, आधी मायनस सोडवा, मग प्लस. ढोकळ्यासाठी घरात सोडा असतोच, तो पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा. पाणी बॅटरीच्या झाकणांत जाऊ देऊ नका. कोरडं करा, पॉलिश पेपर फिरवा, आणि लावताना आधी प्लस. हाताने हलतं ते टर्मिनल घट्ट नव्हे!

लाल चिमटे दोन्ही प्लसना, काळा चालू गाडीच्या मायनसला. शेवटचा काळा मात्र बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. रंगाच्या पत्र्यावर लावलात तर अर्थिंग मिळणार नाही.

केबल गरम झाली तर तार बारीक आहे. वरचं प्लास्टिक जाड असलं म्हणून फसू नका. समोरच्या फरसाणवाल्याची इको व्हॅन पाच-दहा मिनिटं चालू ठेवून मगच सेल्फ मारते मी, तोही एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर असेल तर सेल्फ मारताना एक टोक बॅटरीच्या खुंटीवर आणि दुसरं तिच्यावरच्या क्लॅम्पवर ठेवा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं, की चोर त्या जोडातच.

फुगलेली, गळणारी किंवा सडक्या अंड्यासारखा वास येणारी बॅटरी असेल तर जंपर लावूच नका. बडोद्याच्या उन्हाळ्यात बॅटऱ्या लवकर थकतात; अशी बॅटरी सरळ बदला.

गाडी चालू झाली की केबल काढा आणि बॅटरीवर व्होल्ट बघा. साधारण १३.८ ते १४.४ हवेत. बारावरच अडकलं तर डायनामो चार्ज करत नाही, तेव्हा गाडी बंद न करता थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे न्या.